पत्र्याखाली बुरशी, कुडात पेंढा: शेतावरची खोली शेतातल्याच काडीकचऱ्यातून

नाशिक जिल्ह्यात वर्षातून दोनदा बांधाबांधावर द्राक्षकाडीचे ढीग लागतात, एकदा एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि एकदा ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर. सोयाबीन निघालं की भुशाचे ढीग, मका निघाला की बुरकुंडं (दाणे काढलेली कणसं), निफाडकडे उसाचं पाचट, इगतपुरी-त्र्यंबककडे भाताचा पेंढा. यातलं जनावरांच्या पोटात जातं ते जातं, बाकीच्याला बहुतेक ठिकाणी काडी लागते. आणि त्याच शेतात चार लोखंडी अँगल आणि पत्रे ठोकून केलेली एक खोली असते. मे महिन्यात दुपारी तिच्यात पाय ठेववत नाही.

ही खोली त्याच कचऱ्यातून बांधता येते. इथे दहा बाय बाराची खोली धरली आहे. औजारं, ठिबकच्या नळ्या, रिकामे क्रेट ठेवायला आणि दुपारी माणसांना टेकायला पुरेल एवढी. बांबूचा सांगाडा, दगडी जोतं, कुडाच्या (काड्या विणून मातीने लिंपलेल्या) भिंती, वर पत्रा आणि पत्र्याखाली धिंगरीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) बुरशीने सांधलेल्या भुशाच्या लाद्या.

बुरशीच्या बांधकामाचे व्हिडिओ पाहून पुष्कळांना वाटतं की आता विटाही उगवायच्या. तसं नाही. धिंगरी अळिंबीचे पांढरे तंतू भुशाच्या काड्यांमध्ये शिरतात, त्यातला थोडा भाग खातात आणि उरलेल्या काड्या एकमेकींना घट्ट बांधून टाकतात. वाळवून, मग तापवून बुरशी मारली की हलकी, थर्माकोलसारखी लादी हातात येते. उष्णता अडवण्यात ती चांगली, भार घेण्यात अगदी कच्ची. भट्टीच्या साध्या विटेने चौरस सेंटिमीटरला किमान ३५ किलो दाब सोसावा अशी अपेक्षा असते. दाब न देता केलेली बुरशीची वीट त्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत पोचली तरी पुष्कळ. शिवाय ती पाणी पिते. २०१४ साली न्यूयॉर्कला मोमा पीएस-१ या संग्रहालयाच्या आवारात अशा सुमारे १०,००० विटांचा मनोरा उभा केला होता. तो एका उन्हाळ्यापुरताच होता आणि नंतर त्याचं खत करायचं हे आधीच ठरलेलं होतं. आपल्याला मृगाचा पाऊस काढायचाय. म्हणून बुरशीवर वजन टाकायचं नाही आणि तिला पाणी लागू द्यायचं नाही. या दोन्ही अटी पाळणारी जागा घरात एकच, पत्र्याच्या खाली.

कोणता कचरा कशाला

नाशिककडे सगळ्यात जास्त दिसणारा कचरा म्हणजे द्राक्षकाडी, आणि बुरशीसाठी नेमकी तीच सगळ्यात वाईट. छाटणीपासून काढणीपर्यंत त्या वेलीवर बोर्डो, मॅन्कोझेब आणि डाऊनी-भुरीची औषधं पडलेली असतात. ती बुरशी मारायलाच केलेली आहेत, धिंगरी काय आणि डाऊनी काय, त्यांना फरक कळत नाही. काडीचे तुकडे कुटून त्यावर स्पॉन (दाण्यांवर वाढवलेलं अळिंबीचं बियाणं) टाकलं तर कुठे उगवतं, कुठे नाही, आणि लादी मध्येच भुगा होऊन सुटते. द्राक्षकाडी कुडात भरायला ठेवा, उरलेली बागेत आच्छादनाला किंवा खताला घाला.

लाद्यांसाठी पहिली पसंती भाताच्या पेंढ्याला किंवा गव्हाच्या भुशाला. सोयाबीनचा भुसाही चालतो, फक्त शेवटच्या दिवसांत बुरशीनाशक मारलं असेल तर तो नको. मक्याची बुरकुंडं कुट्टी करून चौथा हिस्सा मिसळली तर लादीला थोडा टणकपणा येतो. काळा पडलेला, पावसात भिजून वाळलेला, कुबट वास येणारा भुसा फुकट मिळाला तरी घेऊ नका. त्यात दुसऱ्या बुरश्यांनी आधीच घर केलेलं असतं.

शंका असेल तर आधी किलोकिलोच्या पिशव्या भरून पाहा. एकेका पिशवीत एकेक माल, सगळ्यांत स्पॉन सारखं. दोन आठवड्यांत कोणती पिशवी पांढरीशुभ्र होते ते दिसतं, आणि नंतरचा क्विंटलभर माल वाया जात नाही.

महिने जुळवून घ्या

धिंगरीच्या तंतूंना २० ते २८ अंश मानवतात. मे महिन्यात आपल्याकडे ते जमत नाही, आणि निफाडला थंडी पडली की पारा एक आकडी होतो, तेव्हा वाढ रेंगाळते. पावसाळ्यात उगवण झकास होते, पण लाद्या वाळणार कुठे? म्हणून दिवाळीनंतरचा नोव्हेंबर महिना धरा. सोयाबीनचा भुसा ताजा असतो, भाताचा पेंढा यायला लागतो, दिवसा ऊन चांगलं असतं. बांबूही तेव्हाच तोडायचा असतो. लाद्या डिसेंबरात वाळतील, सांगाडा जानेवारीत उभा राहील, भिंती मार्चपर्यंत होतील. अवकाळीची आठवण ठेवून ताडपत्री मात्र कायम हाताशी असू द्या.

बांबू

सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडे मानवेल मिळतो. भरीव असल्याने खांबांना आणि वाशांना तो उत्तम. तीन ते चार वर्षांचा, पूर्ण पिकलेला बांबू घ्या. कोवळ्या बांबूत साखर आणि पिष्ट जास्त असतं, त्याला घुण लागतो आणि वर्षभरात खाली पिवळी पूड पडायला लागते. २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर जंगलाबाहेर, खासगी जमिनीवर वाढलेला बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही. जंगलातला बांबू आणि कारवी यांची गोष्ट वेगळी आहे, तिथे वन विभागाला विचारल्याशिवाय कोयता चालवू नका.

बांबूला औषध दिल्याशिवाय वापरायचा नाही, यात तडजोड नको. १०० लिटर पाण्याला ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड. शेततळ्याचा उरलेला कागद (प्लास्टिकचं अस्तर) टाकून लांबट चर करा, त्यात हे पाणी भरा. पोकळ बांबूचे आतले पडदे लांब सळईने फोडून घ्या, नाहीतर पाणी आत जात नाही. ओला बांबू दहा दिवस पूर्ण बुडलेला राहिला पाहिजे, वर दगड ठेवा. मग सावलीत, जमिनीपासून उचलून, महिनाभर वाळू द्या. उन्हात टाकला तर चिरतो.

या पाण्याबद्दल एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. बोरॉन जास्त झालेलं द्राक्ष आणि कांदा या दोघांनाही सोसत नाही. ते पाणी बागेत, विहिरीजवळ किंवा नाल्यात सोडायचं नाही. पुढच्या बांबूंना तेच वापरत राहा, आणि शेवटी चरातच आटू द्या. चराला कुंपण करा, गुरं तोंड घालतात.

जोतं

काळ्या मातीवर थेट पाया टाकला की दोन वर्षांत तडे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मुरूम लागेपर्यंत खणा. तिथून वर काळ्या दगडाचं जोतं, जमिनीपासून किमान दीड फूट. चुन्यात केलंत तर उत्तम, गवंडी मिळत नसेल तर सिमेंटमध्ये करा. सिमेंट पूर्ण टाळण्याचा हट्ट इथे धरायचा नाही. जिथे पाणी आणि वाळवी भिडते ती जागा दगडाचीच हवी.

मेढी, म्हणजे बांबूचे उभे खांब, जमिनीत पुरायच्या नाहीत. जुन्या झोपड्यांच्या मेढी मातीच्या रेषेवर कुजतात हे सगळ्यांना माहीत आहे. जोत्यात जागोजागी सळई उभी ठेवा, बांबूचं खालचं पेर पोकळ करून तिच्यावर बसवा, पेरात बाजूने भोक पाडून पातळ मसाला ओता. चार कोपरे, लांब बाजूंना मध्ये दोन-दोन, दाराच्या दोन्ही अंगांना एकेक. प्रत्येक कोपऱ्यात तिरपा बांबू दिलाच पाहिजे. वळवाच्या वाऱ्यात खोली आधी कलते ती तिरप्याअभावी, छप्पर नंतर जातं.

लाद्या: सगळ्यात नाजूक काम

दोन फूट बाय दोन फूट, दोन इंच जाडीची लादी धरा. दहा बाय बाराच्या छताला ३० लागतात, उतार आणि मोडतोड धरून ३५ करा. सुक्या लादीचं वजन अडीच किलोच्या आसपास येतं, म्हणजे एकूण १०० किलो सुका माल आणि १५ ते २० किलो स्पॉन. स्पॉन ताजं हवं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचं केंद्र आहे, आणि नाशिकला मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी केली तर जवळपास कुठे मिळेल ते कळतं. पिशवीत दाण्यांवर हिरवा किंवा काळा ठिपका दिसला, किंवा आंबूस वास आला, तर ती परत करा.

कडबाकुट्टीतून पेंढा जितका बारीक निघेल तितका काढा. अळिंबी पिकवणारे इंच-दोन इंचाचे तुकडे ठेवतात, लादीला त्याहून बारीक हवेत, म्हणजे कडा भरून येतात. रात्रभर भिजवा. सकाळी टिपाडात पाणी तापवून, गोणपाटात बांधलेला भुसा ७० ते ८० अंशांवर तासभर बुडवून ठेवा. हाताला अंदाज नको, थर्मामीटर घ्या. अळिंबीवाले पुष्कळदा फॉर्मेलिन आणि कार्बेन्डाझिमच्या पाण्यात भुसा भिजवतात. राहत्या-वावरत्या खोलीच्या छताला फॉर्मेलिन कशाला? गरम पाण्याने काम होतं.

मग स्वच्छ उतारावर निथळू द्या. भुसा मुठीत घट्ट दाबून पाहा. बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर अजून निथळायचा, आणि मूठ उघडल्यावर भुसा सुटा पडला तर कोरडा झाला.

पूर्ण गार झालेल्या १५ ते २० किलो ओल्या भुशाला किलोभर स्पॉन हातांनी मिसळा. हात साबणाने, मग स्पिरिटने. पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या) पिशव्यांत दाबून भरा, टाचणीने भोकं पाडा, अंधाऱ्या, गार खोलीत टांगा. दहा ते चौदा दिवसांत पिशवी पांढरी होते.

इथे आपल्याकडची एक खास अडचण येते. बागाईतदाराच्या गोदामात ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पोती असतातच. शेतात तो मित्र आहे, पण धिंगरीच्या पिशवीत हिरवे डाग पडतात ते बहुतेक वेळा त्याचेच. ती पोती असलेल्या खोलीत, किंवा त्याच दिवशी ड्रेंचिंग करून (तो पाण्यातून मुळांशी ओतून) आलेल्या कपड्यांनी, पिशव्यांना हात लावू नका. हिरवा डाग दिसलेली पिशवी न उघडता लांब नेऊन पुरा.

पांढऱ्या झालेल्या पिशव्या फोडून आतला माल हाताने मोकळा करा. एका लादीमागे दोन मुठी गव्हाचं पीठ मिसळा, तंतूंना पुन्हा जोडायला तेवढं बळ पुरतं. लाकडी पट्ट्यांच्या साच्यात पातळ प्लास्टिक अंथरून माल भरा. मधोमध सगळेच दाबतात, कोपरे राहतात, आणि लादी मोडते ती कोपऱ्यातच. अंगठ्याने कडेकडेने दाबत जा. वर भोकं पाडलेलं प्लास्टिक. आठ-दहा साचे असले तरी पुरे, पाच-सहा दिवसांनी साचे मोकळे होतात. म्हणून पिशव्याही एकाच दिवशी न भरता आठवड्याच्या अंतराने भरा.

साच्यातून काढलेली लादी हातात घेतली की कच्च्या अळिंबीचा मंद वास येतो, वर मऊ साय धरलेली असते, नखाने दाबलं तर खळगा पडतो. प्लास्टिक सैल पांघरून तिला आणखी दोन दिवस द्या, म्हणजे साच्याला टेकलेली बाजूही साय धरते. या दिवसांत कडेला टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसले तर लगेच वाळायला काढा. छत्र्या उमलू द्यायच्या नाहीत. उमललेल्या धिंगरीतून उडणारी बारीक पूड श्वासात जाऊन खोकला आणि दम लागतो, पिकवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. हे सगळं काम नाकाला मास्क बांधूनच.

वाळवणं दोन टप्प्यांत. आधी शेडनेट ताणलेल्या चौकटींवर, खालून वारा लागेल असं, कडक उन्हात चार-पाच दिवस, रोज उलटून. संध्याकाळी आत घ्यायच्या, दव लागू द्यायचं नाही. दोन-तीन लाद्यांवर नंबर टाकून रोज वजन करा. दोन दिवस वजन तेच आलं की लादी वाळली. पण वाळली म्हणजे बुरशी मेली असं नाही. त्यासाठी सौर वाळवणी यंत्रात किंवा एखाद्या भट्टीत ७० ते ८० अंशांवर काही तास ठेवणं भाग आहे. खात्री करायला एक तुकडा ओल्या गोणपाटात आठवडाभर गुंडाळून ठेवा. त्यावर पांढरी लव आली तर सगळ्या लाद्या पुन्हा तापवा. हे केलं नाही तर जुलैत तुमच्या छताला अळिंबी लागेल.

शेवटी दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना चुन्याच्या निवळीचे नव्हे, दाट चुन्याचे तीन हात. एक वाळल्यावर दुसरा. कीड, उंदीर आणि आग या तिन्हींना त्याने थोडा अटकाव होतो. थोडाच, म्हणून विजेची वायर लादीतून न्यायची नाही, पाइपातून बांबूवरून न्या.

भिंती

कुडाची भिंत नाशिकला नवी नाही. हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर कारवीच्या कुडाला शेणामातीने सारवलेली घरं आजही आहेत. आपण कारवीऐवजी बांबूच्या कामट्या घेऊ. दोन मेढींमध्ये आडव्या कामट्या वीतभर अंतरावर बांधा आणि त्यांच्यात उभी काडी विणत जा. इथे द्राक्षकाडी खपते. तिच्यावर बोर्डो आहे की नाही याची कुडाला पर्वा नाही.

मातीत मात्र चोखंदळ असा. नुसती काळी माती भेगाळते. गावठाणातली पांढरी किंवा मुरमाड तांबूस माती चाळून घ्या. एक भाग माती, दोन ते तीन भाग वाळू, अर्धा ते एक भाग बारीक पेंढा, हे मापाने. पाणी घालून तुडवा आणि आठवडाभर तसाच गारा मुरू द्या, रोज एकदा पाय फिरवून. हातभर चौकोनात नमुना लावून वाळू द्या. भेगा पडल्या तर वाळू वाढवा, बोटाने पूड सुटली तर माती वाढवा. प्रत्येकाच्या मातीचं माप वेगळं निघतं, दुसऱ्याच्या शेतातलं माप उचलून चालत नाही. मातीत झाडाचे तंतू घालणं किती टिकतं ते पाहायचं तर वेरूळला जा. तिथल्या लेण्यांच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश असल्याचं संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे अंबाडी आणि ताग आहे, तेही चालतात.

पहिला हात दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दाबा, म्हणजे गारा कुडात मध्ये भेटतो. पूर्ण वाळल्यावर दुसरा, पातळ. आतून शेणामातीचं सारवण, बाहेरून चुन्याचा गिलावा. पश्चिमेच्या भिंतीला दुपारचं ऊन आणि पावसाळ्यातला झोडपा दोन्ही लागतात, तिथे गिलावा जाड ठेवा आणि खिडकी देऊ नका.

छप्पर

वासे, आडव्या पट्ट्या, वर पत्रा. पत्रा हुकांनी बांबूला आणि बांबू तारेने खालच्या मेढीपर्यंत बांधलेला हवा. पागोळ्या भिंतीपासून तीन फूट लांब पडल्या पाहिजेत, इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात तर साडेतीन. येवला-सिन्नरकडे अडीच फुटांवर भागेल.

लाद्या वाशांच्या खालच्या अंगाला, कामट्यांच्या चौकटीत बसवा. पत्रा आणि लादी यांत तीन-चार इंच मोकळी हवा राहू द्या. ही पोकळी वळचणीला आणि वर आढ्याला उघडी ठेवा, जाळी लावून. तापलेली हवा वरून निघून जाते, आणि पहाटे पत्र्याच्या आतून सुटणारा दवाचा थेंब लादीत मुरण्याआधी वाळतो. पत्र्याला लादी चिकटवली तर पहिल्याच हिवाळ्यात ती ओली होऊन लोंबेल. जाळी बारीक घ्या, उंदरांना भुसा कुठेही सापडतो.

कांदा चाळीचं काय?

कांदा साठवायची चाळही अशीच बांधता येईल का, हा प्रश्न येणारच. चाळीच्या भिंती या पद्धतीने बांधू नका. कांद्याला खालून आणि बाजूंनी वारा हवा, भिंत नको. बुरशीच्या लाद्याही चाळीत नकोत. साठवणुकीत कांद्यावर काळी बुरशी येते, तिथे ओल धरू शकणारा भुसा टांगणं शहाणपणाचं नाही. बांबूचा सांगाडा, दगडी पाये आणि पत्र्यावर पाचटाचा थर, एवढं या लेखातलं चाळीला लागू पडतं. पाचट दोरीने नीट आवळा आणि दरवर्षी बदला.

पुढची देखभाल

दरवर्षी मृगाच्या आधी एक दिवस काढा. भिंतीच्या तळाला वाळवीची मातीची नळी दिसते का ते पाहा, बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा चुन्याने बुजवा, पत्र्याचे हुक आवळा. छताखालून काठीने हळूच लाद्या ठोका, ओल्या लादीचा आवाज बसका येतो. तशी लादी निघाली तर आधी वरचं गळतं शोधा, मग लादी बदला. काढलेली लादी कुस्करून खताच्या खड्ड्यात टाकता येते, चुन्यासकट. बांबूचे मोडके तुकडे मात्र त्यात टाकायचे नाहीत, चुलीतही घालायचे नाहीत, कारण त्यांत बोरॅक्स मुरलेलं आहे. ते वेगळे ठेवा आणि बांधावरच्या कुंपणाला वापरा.